काढलेलं डिव्हाइस आणि मागे राहिलेला टायमर

मागच्या अंकात कर्नलमधल्या रेस कंडिशनबद्दल जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि रेस कंडिशन म्हणजे दोन कामं एकाच डेटाला एकाच वेळी हात लावतात आणि निकाल कोण आधी पोचलं त्यावर ठरतो. काउंटर प्लस प्लस ही सी मधली एक ओळ दिसते, पण सीपीयूच्या लेखी ती तीन कामं आहेत: मेमरीतून वाच, एक मिळव, परत लिही. दोन सीपीयूंनी एकाच वेळी ५ वाचलं तर दोघेही ६ लिहितात आणि एक वाढ हरवते. कर्नलमध्ये हेच काउंटरऐवजी पॉइंटरच्या, म्हणजे मेमरीतल्या पत्त्याच्या, बाबतीत होतं, तेव्हा मशीन बसतं किंवा त्याहून वाईट म्हणजे कोणीतरी रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, होतं.

प्रश्न: ताई, मी शिकाऊ आहे, एका यूएसबी डिव्हाइसचा ड्रायव्हर लिहितोय. डिव्हाइस चालू असताना केबल उपटली की दहापैकी एखाद्या वेळी कर्नल क्रॅश होतो. डिसकनेक्टमध्ये (केबल निघाल्यावर चालणारं फंक्शन) केफ्रीच्या, म्हणजे मेमरी परत करण्याच्या, आधी १०० मिलिसेकंदांचा एमस्लीप, म्हणजे थांबा, टाकला तर आता तासन्तास टेस्ट करूनही क्रॅश येत नाही. हा फिक्स म्हणून पाठवू का? ड्रायव्हरमध्ये एक टायमर आहे जो वर्कक्यूवर, म्हणजे नंतर करायच्या कामांच्या रांगेत, काम टाकतो, आणि ते काम संपताना टायमर परत लावतं.

नको पाठवूस. आधी तो एमस्लीप काढून टाक, आणि हे मी रागावून म्हणत नाहीये, सुरुवातीच्या वर्षांत मीही असाच एक डिले टाकून पॅच दिला होता, टेस्टमध्ये तो छान पास झाला आणि दोन महिन्यांनी भरपूर लोड असलेल्या मशीनवर तोच क्रॅश परत उभा राहिला. डिलेने रेस जात नाही, फक्त ती लागायची शक्यता कमी होते. वर्कक्यूच्या थ्रेडला सीपीयू मिळायला १०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागणार नाही असं तुला कोणीही लिहून दिलेलं नाही.

आता कागद घे आणि मधोमध उभी रेघ मार. डावीकडे सीपीयू ०, उजवीकडे सीपीयू १. डावीकडे डिसकनेक्ट चालू आहे: काम रद्द केलं, टायमर काढला, मेमरी फ्री केली. उजवीकडे टायमरचं फंक्शन. डावीकडे काम रद्द करून झालं आणि टायमर काढायच्या आधी उजवीकडे टायमर वाजला, त्याने काम परत रांगेत टाकलं, मग तू टायमर काढलास, मेमरी फ्री केलीस, आणि आता रांगेतलं काम उठून त्याच फ्री झालेल्या मेमरीत हात घालतंय. बरं, क्रम उलटा करून बघ, आधी टायमर काढ आणि मग काम रद्द कर. रद्द होईपर्यंत चालू असलेलं काम जाता जाता टायमर परत लावून गेलं, आता मेमरी फ्री झाल्यावर टायमर वाजेल. म्हणजे दोन्ही क्रम चुकीचे, कारण टायमर आणि काम एकमेकांना जिवंत ठेवतायत.

हे चक्र कुठेतरी कायमचं तोडायला लागतं. लिनक्स ६.२ पासून यासाठी 'टायमर शटडाउन सिंक' आहे. तो चालू असलेलं टायमर फंक्शन संपेपर्यंत थांबतो आणि नंतर कोणी टायमर परत लावायचा प्रयत्न केला तर तो गुपचूप सोडून देतो. त्यामुळे आधी टायमर शटडाउन, मग 'कॅन्सल वर्क सिंक', मग बाकीचं. कामाने शेवटच्या क्षणी टायमर लावला तरी लागणारच नाही. तुझ्या यूआरबीच्या (यूएसबीवरच्या एका डेटा-विनंतीच्या) कम्प्लीशन हँडलरमधूनही, म्हणजे ती पूर्ण झाल्यावर चालणाऱ्या फंक्शनमधूनही, काम किंवा टायमर सुरू होत असेल तर त्याच्याही आधी यूआरबीला 'पॉइझन' कर. नुसतं 'किल' केलं तर चालू असलेला यूआरबी थांबतो पण नंतर परत सबमिट होऊ शकतो, पॉइझन केलेला होत नाही.

एक खड्डा आत्ताच दाखवून ठेवते. कॅन्सल वर्क सिंक ज्या ठिकाणी बोलावशील तिथे असा म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, म्हणजे लॉक) धरलेला नको जो ते कामही घेतं. नाहीतर तू काम संपायची वाट बघतोस, काम तुझ्या म्युटेक्सची वाट बघतं, आणि दोघंही तिथेच. क्रॅश फिक्स करायला गेलेल्या कितीतरी पॅचेसनी हा हँग आणलेला आहे.

आणि अजून एक गोष्ट तू विचारली नाहीस पण तुझ्या कोडमध्ये नक्की असणार. केबल उपटली तेव्हा कोणी यूजर प्रोग्रॅम तुझी डिव्हाइस फाइल उघडून बसला असेल तर? डिसकनेक्ट संपला, मेमरी गेली, आणि त्या प्रोग्रॅमने आता रीड केलं. इथे मेमरी डिसकनेक्टने फ्री करायचीच नसते. स्ट्रक्चरमध्ये एक केरेफ, म्हणजे ती मेमरी किती जण वापरतायत तो आकडा, ठेव, ओपन झालं की एक वाढव, रिलीज झालं की कमी कर, डिसकनेक्टनेही स्वतःचा एक कमी करायचा, आणि जो शेवटचा सोडेल त्याच्या हातून फ्री होईल. डिसकनेक्टने फक्त 'डिव्हाइस गेलं' असा फ्लॅग म्युटेक्सखाली लावायचा, आणि रीड-राइटने तोच म्युटेक्स घेऊन तो फ्लॅग बघायचा आणि डिव्हाइसला हात लावून होईपर्यंत म्युटेक्स सोडायचा नाही. फ्लॅग बघून लॉक सोडला आणि मग डिव्हाइस वापरलं तर तीच रेस परत आली.

हे सगळं पटत नसेल तर कर्नल केएसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं साधन) चालू करून बिल्ड कर आणि एमस्लीपशिवाय केबल उपट. रिपोर्टमध्ये तीन स्टॅक (कुठलं फंक्शन कुठून बोलावलं गेलं त्याच्या याद्या) येतात: आत्ता मेमरीला कोणी हात लावला, ती कोणी घेतली होती, आणि कोणी फ्री केली. त्याखाली बऱ्याचदा ते काम रांगेत कोणी टाकलं होतं त्याचाही स्टॅक असतो. लोक पहिला स्टॅक वाचून तिथे नल चेक, म्हणजे पॉइंटर रिकामा आहे का ही तपासणी, टाकतात, आणि पॉइंटर तर नल नसतोच, तो जुन्या पत्त्यावरच बोट दाखवत असतो. तू फ्री कोणी केलं तिथून वाचायला सुरुवात कर.

प्रश्न: माझ्याकडचा बग प्रिंटके (कर्नलमधून संदेश छापणारी ओळ) टाकला की गायब होतो, काढला की परत येतो. अशा बगला पकडायचं कसं?

प्रिंटके दिसतो तेवढा साधा नाही, तो स्वतः वेळ खातो, कन्सोल सिरियल असेल तर फारच खातो, त्यामुळे दोन सीपीयूंची जी अचूक गाठ पडत होती ती सुटते. त्याऐवजी 'ट्रेस प्रिंटके' वापरा, तो एफट्रेसच्या (कर्नलमध्ये काय चाललंय त्याच्या नोंदी ठेवणाऱ्या सोयीच्या) रिंग बफरमध्ये लिहितो आणि प्रत्येक सीपीयूचा बफर वेगळा असतो, त्यामुळे धक्का बराच कमी लागतो. क्रॅशच्या वेळी बफर बाहेर टाकायची सोय पण आहे, ती आधीच चालू करून ठेवा.

पण माझा आवडता उपाय उलटा आहे. बघत बसण्यापेक्षा रेस मुद्दाम लावा. तुम्हाला ज्या दोन ओळींच्या मधे गडबड वाटतेय तिथे एक एमडिले, म्हणजे सीपीयूला तिथेच अडकवून ठेवणारा डिले, टाका, पाच-दहा मिलिसेकंदांचा. तुमचा अंदाज बरोबर असेल तर महिन्यातून एकदा येणारा क्रॅश दर वेळी यायला लागेल. तसं झालं की बग सापडला म्हणायचं, नाही झालं तर तुमची गोष्ट चुकलेली आहे, दुसरी जागा शोधा. वरच्या मुलाने डिले फिक्स म्हणून टाकला होता, इथे तो फक्त पुरावा म्हणून टाकायचाय. फिक्स तयार झाला की तोच डिले जागेवर ठेवून परत चालवा, आणि तरी क्रॅश आला नाही तर तुमच्या फिक्सवर माझा विश्वास बसेल.

हीच युक्ती मशीनकडून करून घ्यायची असेल तर केसीसॅन आहे, तो २०२० मध्ये लिनक्स ५.८ सोबत आला. तो मधूनच एखादा मेमरी अ‍ॅक्सेस निवडतो, त्या पत्त्यावर पाळत ठेवतो, सीपीयूला क्षणभर थांबवतो आणि बघतो की तेवढ्यात दुसऱ्या कोणी तिथे हात लावला का. लावला तर दोघांचे स्टॅक तुमच्यासमोर. मात्र एक सावधगिरी: केसीसॅन डेटा रेस, म्हणजे एकाच पत्त्याला लॉकशिवाय एकाच वेळी लागलेले दोन हात, पकडतो, आणि त्या ओळीवर 'रीड वन्स' किंवा 'राइट वन्स' गुंडाळलं की तो सहसा गप्प होतो. गप्प झाला म्हणजे कोड बरोबर झाला असं नाही. 'रीड वन्स' ने एवढंच होतं की कंपायलर त्या वाचनाचे तुकडे करणार नाही, ते परत परत करणार नाही किंवा उडवणार नाही. वाचलेली किंमत पुढच्या ओळीपर्यंत शिळी होऊ शकते, ती चूक तशीच राहते, आणि आता तिची वॉर्निंगही येत नाही. रिपोर्ट बंद करायला म्हणून रीड वन्स टाकणाऱ्या पॅचेसना मी तरी सरळ विचारते, की वाचून झाल्यावर लगेच किंमत बदलली तर पुढे काय होतं ते सांगा.

प्रश्न: स्पिनलॉक की म्युटेक्स? आणि खरं सांगायचं तर सगळ्या फंक्शनला एकच मोठा लॉक लावला तर काय बिघडलं?

तो प्रयोग लिनक्सने स्वतः करून झालाय. १९९६ मध्ये २.० व्हर्जनला एकापेक्षा जास्त प्रोसेसरचा सपोर्ट आला तेव्हा एकच बिग कर्नल लॉक होता. तो पूर्ण काढून टाकायला २०११ उजाडलं, २.६.३९ मध्ये गेला. इतकी वर्षं लागायचं मोठं कारण वेगापेक्षा वेगळं होतं, तो लॉक कोडभोवती होता, त्यामुळे त्याच्या आत नेमका कुठला डेटा सांभाळला जातोय ते कित्येक ठिकाणी कोणालाच सांगता येत नव्हतं, आणि ते माहीत नसताना लॉक काढायची हिंमत कोण करणार. म्हणून माझा आग्रह असतो की स्ट्रक्चरमध्ये लॉकच्या शेजारी कॉमेंट लिहा, हा लॉक कुठल्या कुठल्या फील्ड्ससाठी आहे. कॉमेंट लिहिता येत नसेल तर लॉक लावायची वेळ अजून आलेली नाही. आणि ज्या फंक्शनला लॉक आधीच धरलेला हवा असतो तिथे पहिल्या ओळीत 'लॉकडेप असर्ट हेल्ड' (लॉक खरंच धरलाय का ही तपासणी) टाका, कॉमेंट विसरली जाते पण हे विसरत नाही.

स्पिनलॉक की म्युटेक्स याचं उत्तर त्यामानाने सोपं आहे. म्युटेक्सची वाट बघणारा झोपतो, स्पिनलॉकची वाट बघणारा जागच्या जागी फिरत राहतो. झोपावं लागू शकतं तिथे म्युटेक्स, इंटरप्टमधून, म्हणजे हार्डवेअरने हाक मारल्यावर मधेच चालणाऱ्या कोडमधून, हात लागतो तिथे स्पिनलॉक. पण झोप कुठे लपलेली असते ते बघा: जीएफपी कर्नलवाला केमॅलॉक (मेमरी मागणारं फंक्शन) झोपू शकतो, यूजरकडून डेटा कॉपी करणारं फंक्शन पेज फॉल्टवर (हवं ते पान मेमरीत नसलं की) झोपू शकतं. स्पिनलॉक धरून यातलं काहीही नको. आणि तोच डेटा इंटरप्ट हँडलर पण वापरत असेल तर साधा स्पिनलॉक पुरत नाही. तुम्ही लॉक धरलाय, त्याच सीपीयूवर इंटरप्ट आला, हँडलर तोच लॉक मागतोय, तुम्ही सोडणार कसे कारण हँडलर संपल्याशिवाय तुमचा नंबरच येत नाही. म्हणून तिथे 'आयआरक्यू सेव्ह' वाला प्रकार, जो लॉक धरला असेपर्यंत त्या सीपीयूवरचे इंटरप्ट बंद ठेवतो.

दोन लॉक लागत असतील तर क्रम ठरवा आणि सगळीकडे तोच पाळा. यासाठी लॉकडेप चालू ठेवा, तो २००६ पासून कर्नलमध्ये आहे आणि मला तो फार आवडतो कारण त्याला डेडलॉक प्रत्यक्ष व्हायची गरजच लागत नाही. सकाळी एका थ्रेडने 'अ' मग 'ब' घेतला, संध्याकाळी दुसऱ्याने 'ब' मग 'अ', दोघांची भेट झालीच नाही, तरी तो सांगतो की हे एक दिवस अडकणार.

प्रश्न: एक्स८६ वर (नेहमीच्या पीसीचा प्रोसेसर) वर्षभर चाललेला कोड एआरएम बोर्डवर कचरा डेटा वाचतो. एक थ्रेड बफर भरतो आणि 'रेडी' फ्लॅग १ करतो, दुसरा फ्लॅग बघून बफर वाचतो. व्होलाटाइल लावून पाहिलं, फरक नाही.

फरक पडणार नव्हता. व्होलाटाइल कंपायलरला सांगतं की हे वाचन-लिखाण गाळू नको, सीपीयूला ते काही सांगत नाही. एक्स८६ वर साध्या मेमरीत एका सीपीयूने केलेली लिखाणं बाकीच्यांना त्याच क्रमाने दिसतात, आणि वाचनंही आपसात क्रम सोडत नाहीत, म्हणून तुमचा कोड तिथे नशिबाने चालला. एआरएमला ही बंधनं नाहीत. फ्लॅग १ झालेला आधी दिसू शकतो आणि बफरचा मजकूर नंतर, शिवाय वाचणारा सीपीयू बफर आधीच वाचून ठेवू शकतो.

लिहिणाऱ्याने फ्लॅग 'एसएमपी स्टोअर रिलीज' ने लावायचा, वाचणाऱ्याने 'एसएमपी लोड अ‍ॅक्वायर' ने बघायचा. ही क्रम राखणारी जोडी आहे, फक्त एका बाजूला लावून उपयोग नाही, आणि रिव्ह्यूमध्ये मी सगळ्यात जास्त वेळा हीच चूक बघितलीय, लिहिणाऱ्या बाजूला बॅरियर (क्रम पाळायला लावणारी ही सूचना) अगदी नीट आणि वाचणारी बाजू उघडी. बॅरियरपाशी कॉमेंट लिहा की याचा जोडीदार कुठल्या फंक्शनमध्ये आहे. आणि हा मार्ग फारच जलद असायला हवा असं काही नसेल तर सरळ लॉक घ्या, लॉकच्या आत हे सगळं फुकट मिळतं.

प्रश्न: डर्टी काउ, म्हणजे फक्त वाचायच्या फाइलवर लिहू देणारा लिनक्सचा बग, इतकी वर्षं कोणालाच कसा दिसला नाही? एवढे हुशार लोक कोड बघतात ना?

दिसला होता, हेच त्यातलं शिकण्यासारखं आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये तो फिक्स झाला, सुरक्षा-बगांच्या यादीतला त्याचा नंबर सीव्हीई-२०१६-५१९५, आणि २००७ च्या २.६.२२ पासूनच्या कर्नल्समध्ये तो होता. फिक्सच्या कमिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या नोंदीत, लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनीच लिहिलंय की अकरा वर्षांपूर्वी त्यांनी तो सोडवायचा प्रयत्न केला होता, पण एस३९० (आयबीएमचे मेनफ्रेम) आर्किटेक्चरवरच्या अडचणींमुळे तो बदल परत काढावा लागला. तेव्हा ही रेस लागणं फक्त कागदावर शक्य वाटत होतं. पुढे बाकीचा कोड बदलला, मेमरी मॅनेजमेंट जास्त समांतर झालं, आणि ती सहज लागायला लागली.

झालं काय ते बघा. एक फाइल तुम्हाला फक्त वाचायची परवानगी आहे, ती तुम्ही प्रायव्हेट मॅप केली, म्हणजे आपल्या मेमरीत खासगी म्हणून जोडून घेतली. आता प्रॉकमधल्या स्वतःच्या मेम फाइलमधून (जिथून आपलीच मेमरी फाइलसारखी लिहिता येते) त्या मॅपिंगवर लिहायला गेलात तर कर्नल म्हणतो ठीक आहे, मी पानाची खासगी कॉपी करतो, त्यावर लिही. कॉपी केली, आणि 'लिहायचंय' हा फ्लॅग काढून टाकून पान परत शोधायला गेला, कारण कॉपी तर झालीच आहे असं त्याने गृहीत धरलं. तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडने एमअ‍ॅडव्हाइज करून ती कॉपी फेकून दिली. आता कर्नल शोधतोय, फ्लॅग नाही, म्हणजे वाचायचंय असं समजून त्याला मूळ फाइलचं पान मिळतं, आणि त्यावर लिहिलं जातं. दोन्ही थ्रेड मेमरी मॅपचा सेमाफोर (एक प्रकारचा लॉक) फक्त वाचनासाठी धरतात, त्यामुळे तो त्यांना एकमेकांपासून अडवत नाही.

फिक्समध्ये नवा लॉक आला नाही हे बघा. 'लिहायचंय' हा फ्लॅग काढणं बंद केलं, 'कॉपी झालीय' सांगणारा वेगळा फ्लॅग आणला, आणि लिहू द्यायच्या आधी ते पान खरंच डर्टी, म्हणजे लिहिलं गेलेलं, आहे का ते पेज टेबलमध्ये तपासलं. म्हणजे मघाशी काय ठरलं होतं त्यावर विसंबून न राहता आत्ता काय आहे ते परत बघितलं. तरीही २०२२ मध्ये टीएमपीएफएसच्या (मेमरीतच राहणाऱ्या) फाइल्सपुरता तसाच एक प्रकार परत सापडला, सीव्हीई-२०२२-२५९०. म्हणून कोणी 'ही रेस थिअरेटिकल आहे' म्हणून सोडून देतं तेव्हा मला खरंच काळजी वाटते, आपला कोड तसाच राहतो पण त्याच्या भोवतीचा कर्नल बदलत असतो.

प्रश्न: लिस्टमध्ये ऑब्जेक्ट शोधून त्याचा रेफकाउंट (किती जण तो वापरतायत तो आकडा) वाढवतोय, तरी 'अ‍ॅडिशन ऑन झिरो' अशी वॉर्निंग येते. वॉर्निंग चुकीची आहे का?

वॉर्निंग अगदी बरोबर आहे आणि तिने तुम्हाला वाचवलंय. शोधणं आणि वाढवणं याच्या मधे दुसऱ्याने शेवटचा रेफ सोडला, काउंट शून्य झाला, आणि तुम्ही मेलेल्याला जिवंत करायला निघालात. एकतर लिस्टचा लॉक धरूनच शोधा आणि वाढवा, आणि तोच लॉक धरून लिस्टमधून काढणं शेवटचा रेफ सुटायच्या आधी होतंय हे बघा. किंवा आरसीयूखाली (वाचणाऱ्यांना लॉक न घेता वाचू देणारी पद्धत) शोधत असाल तर 'गेट अनलेस झिरो' वाला प्रकार वापरा, तो नाही म्हणाला तर ऑब्जेक्ट सापडलाच नाही असं समजा, आणि फ्री करताना 'केफ्री आरसीयू' वापरा म्हणजे आत्ता वाचत असलेल्यांच्या पायाखालून मेमरी जाणार नाही.

प्रश्न: फिक्स झाला, आता पॅचच्या वर्णनात काय लिहू? मेंटेनरने (त्या भागाचा कोड सांभाळणाऱ्याने) नुसतं 'एक्सप्लेन द रेस' लिहून परत पाठवला.

तोच मघाचा कागद टाइप करून टाका. दोन कॉलम, सीपीयू ० आणि सीपीयू १, वरून खाली वेळ, प्रत्येक ओळीवर फंक्शनचं नाव, आणि शेवटच्या ओळीवर नेमकं काय बिघडतं ते. खाली दोन वाक्यं: हा डेटा आता कोणता लॉक किंवा कोणता रेफ सांभाळतो, आणि डावी-उजवी ओळ आता एकमेकींत का घुसू शकत नाहीत. केएसॅनचा रिपोर्ट छाटून लावा, सगळा नको. ज्या कमिटने बग आणला त्याचा फिक्सेस टॅग द्या, हॅशची (कमिटच्या ओळख-क्रमांकाची) पहिली १२ अक्षरं आणि कमिटचं शीर्षक, आणि जुन्या कर्नल्सनाही हवा असेल तर स्टेबलला (जुन्या कर्नल्सची देखभाल करणाऱ्यांच्या यादीला) सीसी करा. त्या दोन कॉलममध्ये एखादी ओळ नेमकी कुठे बसते ते तुम्हाला ठरवता येत नसेल तर पॅच अजून एक दिवस ठेवून घ्या आणि त्याच ओळीवर एमडिले टाकून बघा.